उन्हाऐवजी

“मग बोटीत खाल्लंस काय रं, धरणेंद्र?” तवनाप्पांनी विचारलं आणि तोंडातली पिंक टाकायला ते सोप्याच्या कडेवरून खाली वाकले.

पिंक पायरीवर पडली. दाराआड उभ्या असलेल्या प्रेमलाने ती पडताना आणि पसरताना पाहिली आणि कडेवरच्या लेकीचं, चंदनाचं, तोंड आपल्या खांद्यात दाबून घेतलं. आता या पायरीवरून जो जाईल तो ती पायाला लावून घरात येणार. प्रेमलाची नजर दिवसभर अशीच फिरत असे. कोण थुंकलं, कोण शिंकलं, कुणी हात न धुता पोरीचा गालगुच्चा घेतला. निपाणीत सून होऊन आल्यापासून तिच्या डोळ्यांना दुसरं कामच उरलं नव्हतं.

सोप्यात माणसं दाटीने बसली होती. सासरे अण्णाप्पा लोडाला टेकून, शेजारच्या वखारीचे तवनाप्पा कडेला, बाकी गल्लीतली मंडळी. मधोमध तिचा नवरा धरणेंद्र, दोन वर्षं एडिंबरोला शेतकी शिकून नुकताच परतलेला. बस्तीत, जैनांच्या देवळात, अभिषेक झाला, उपवास झाला, समुद्र ओलांडल्याचा दोष धुऊन निघाला असं सगळ्यांनी मान्य केलं. आता दुपार कलली की मंडळी त्याची हकीकत ऐकायला जमत. आज बेटांची पाळी होती.

“नाताळच्या सुट्टीत तिथं सगळं बंद असतंय,” धरणेंद्र सांगत होता. “माझ्याबरोबर शिकणारा एक पोरगा होता, पार वरच्या टोकाच्या बेटांवरचा. म्हणाला, इथं एकटा काय करतोस, चल आमच्या घरी. म्हणून गेलतो. या बेटावरनं त्या बेटावर, त्याच्यावरनं पुढच्या. तवनाप्पा, बोट म्हणजे काय, आपली बैलगाडी पाण्यात सोडल्यागत. खाली मेंढरं, वर माणसं, मधी माशांची पिपं.”

“शिव शिव! आन् वास?”

“वास यायला आपण त्याच्या भाईर असावं लागतंय. आम्ही वासातच बसलोतो.”

सोपा खदखदून हसला. मेंढरं, मासे, माणसं, हे सगळं प्रेमलाला नुसत्या शब्दांतून नाकाशी आलं.

“ते ऱ्हाऊ दे. खाल्लंस काय ते सांग,” तवनाप्पांनी पुन्हा धरलं.

“बटाटे,” धरणेंद्र म्हणाला. “उकडलेले बटाटे आन् मीठ.”

“कंदमूळ?” कुणीतरी जीभ चावली.

“अडचणीत चालतंय,” अण्णाप्पांनी मुलाच्या वतीने निकाल दिला. “दुसरं काय मिळणार त्या खडकावर?”

मंडळींनी मानेने होकार दिला. बटाट्याएवढं पाप त्यांनी एकमताने पोटात घातलं. पण प्रेमलाने एक पाहिलं होतं. ‘बटाटे’ म्हणताना धरणेंद्र स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघत होता.

तिच्या पायाशी सासूबाई बसल्या होत्या. गाव त्यांना पद्माक्का म्हणे. डाव्या तळहातावर काळी मिश्री, उजव्या हाताचं बोट तोंडात. लेकाचं कौतुक ऐकता ऐकता त्यांनी तेच बोट काढून चंदनाच्या पावलाला लावलं.

“बघ गं, तुझा आप्पा कसा बोलतोय.”

प्रेमला सरकली. पावलावर काळा ओला ठिपका राहिला. तिने तो पदराने पुसला, मग पदराचं ते टोक दुमडून आत खोचलं.

“पुसलंस? पूस. माझ्या बोटात इख हाय,” पद्माक्का म्हणाल्या.

“आत्याबाई, मी काही म्हणाले का?”

“तू म्हणतीस कुठं? तू नाक वर करतीस.”

बाहेर बोलणं सूर्यावर आलं होतं. त्या बेटांवर हिवाळ्यात दुपारीच सूर्य बुडतो हे ऐकून सोप्यात कल्लोळ उठला. सूर्यास्ताआधी जेवायचं हा नियम तिथे पाळायचा कसा?

“म्हंजे दुपारची भाकरी आन् रातची भाकरी एकाच ताटात?” तवनाप्पा म्हणाले. “आन् उन्हाळ्यात रं?”

“उन्हाळ्यात मावळतच न्हाय लवकर. मध्यरातीपर्यंत उजेड.”

“मग आमच्या अण्णाप्पाला उन्हाळ्यात धाडा! मध्यरातीपर्यंत खाईल आन् धर्म बी ऱ्हाईल!”

पुन्हा हशा. धरणेंद्रलाही चेव आला.

“त्या पोराच्या आईची एक गंमत सांगतो. ऊन तिथं देवाच्या दर्शनागत. आलं तर आलं. ती म्हातारी काय करायची, ढगातनं जरा ऊन आलं की हातातलं पीठ तसंच टाकून पळायची. पाळण्यातला नातू उचलायचा, त्याचे पाय उघडे करायचे आन् दारात नेऊन ठेवायचा. भाईर वारा असा की आपले कान गळून पडतील. पोरगं निळं व्हायचं, रडायचं. ही आपली त्याला उन्हाकडं धरून उभी. मी म्हटलं, बाई खुळी हाय.”

सगळे हसले. पद्माक्काही हसल्या. प्रेमला हसली नाही. तिने चंदनाच्या परकरातून लोंबणारे पाय हातात घेतले. धनुकलीसारखे ते बाहेर वाकले होते.

दिवस उतरला तशी मंडळी आपापल्या घरच्या ताटांकडे घाईने उठली. जाताना प्रत्येकजण त्या पायरीवरून गेला.

*

प्रेमला बेळगावची. वडील तिथल्या अनगोळात राहत, शाळेत शिकवत. मुलीला त्यांनी सांगलीच्या कॉलेजात धाडलं आणि बी.ए. होताच निपाणीच्या वखारवाल्यांकडे दिली. मुलगा शिकलेला, विलायतेला जाणारा. मुलाच्या घरासमोर वखार आहे आणि घर नि वखार यांच्यामध्ये तंबाखूचं खळं आहे, याचा विचार वडिलांनी केला नव्हता. प्रेमलाने केला, पहिल्याच रात्री शिंकून शिंकून डोळ्यांतून पाणी आल्यावर.

तो बारीक तिखट धुरळा, ज्याला इथे खकाणा म्हणतात, कुठे नसे? भाकरीवर असे, अंथरुणात असे, मीठ उघडलं तर मिठात असे. खळ्यात दिवसभर बायका पाला उलटत, बडवत, चाळत आणि खोकत. त्यांची पोरं त्याच पाल्यात लोळत, नाकातून शेंबूड गळे, तो शेंबूडही तपकिरी. माणसं दिवसभर तंबाखू हाताळत, संध्याकाळी चघळत आणि रात्री त्याचाच भाव बोलत. प्रेमलाला घास गिळताना वाटे, आपण हे सगळं गाव खातो आहोत.

धरणेंद्र विलायतेला गेला तेव्हा ती पोटुशी होती. चंदना झाली आणि प्रेमलाने ठरवलं, या पोरीच्या छातीत खकाणा जाऊ द्यायचा नाही. खळ्यावर उघडणारी तिच्या खोलीची खिडकी तिने लावून घेतली. फटींना पिठाच्या खळीने वर्तमानपत्रं चिकटवली. आतून दुहेरी धोतर टांगलं. पोरगी त्या खोलीत, दिव्याच्या उजेडात वाढली. बस्तीत न्यायची झाली तर प्रेमला तिला नखशिखांत गुंडाळून नेई.

“कॉलेजात शिकून आलीया,” पद्माक्का वखारीतल्या बायकांना सांगत. “पोरीला मीठ लावून बरणीत घातलीया.”

बायका पदर तोंडाला लावून हसत. प्रेमला आतून ऐके. हसू देत. त्यांची पोरं खोकतात, माझी खोकत नाही.

चंदना खरंच खोकली नाही. पण ती उभीही राहिली नाही. बसल्या बसल्या सरकायची. कपाळ मोठं दिसायला लागलं, डोकं घामाने भिजायचं, पाय वाकले. बेळगावच्या डॉक्टरांनी तिच्या फासळ्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, मुडदूस आहे. कॉड नावाच्या माशाच्या काळजाचं तेल पाजा. आणि स्वच्छ हवेत ठेवा.

“माशाचं काळीज?” पद्माक्कांनी घरी येऊन कपाळावर हात मारला. “पाणी गाळून पितो आम्ही! मुंगी मेली तर घास उतरत न्हाय!”

त्या बाबतीत सासू-सुनेचं पहिल्यांदाच एकमत झालं. नुसत्या कल्पनेने प्रेमला परसात जाऊन ओकून आली. डॉक्टरांची दुसरी गोष्ट मात्र तिने मनापासून पाळली. स्वच्छ हवा. तिने खिडकीवरचा जुना कागद ओरबाडून काढला आणि नवा, दुहेरी चिकटवला.

*

जेवणं झाली, दिवे लागले. धरणेंद्र खोलीत आला आणि त्याने दाराला कडी घातली.

“आई झोपाळ्यावर हाय. पटकन बघ.”

पेटीच्या तळातून, लोकरीच्या मोज्यात घातलेली एक बाटली त्याने काढली. आत तपकिरी, जाड काहीतरी हलत होतं.

“तू लिहिलंवतंस न्हवं, डॉक्टर काय म्हणाला ते? त्या बेटावरनं आणलीया. म्हातारीनं घरी काढलेलं. दुकानातलं न्हवं.”

बूच निघालं. प्रेमलाने दोन्ही हातांनी नाक दाबलं तरी तो वास आत शिरला. कुजलेल्या पाण्यात भिजलेल्या कातड्याचा, जुन्या घामाचा, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी जे एकेकाळी जिवंत होतं त्याचा. खकाण्याचा वास याच्यापुढे देवघरातल्या धुपासारखा वाटला.

“बंद करा. बंद करा आधी ते!”

“अगं, सवय होती. मधात कालवून द्यायचं, तिला कळणार बी न्हाय.”

प्रेमलाने हात खाली घेतले आणि त्याच्याकडे पाहिलं. या घरात मध कधी आला नव्हता. पोळं पिळून, माश्या मारून काढलेली वस्तू कुठल्या जैनाच्या घरात येते?

“गुळात म्हणायचंवतं मला,” धरणेंद्र पुटपुटला. मग जरा चिडूनच त्याने चमचा भरला. “एवढं काय हाय त्यात? हे बघ.”

त्याने चमचा तोंडात घातला आणि गिळला. प्रेमला त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. भुवई हलली नाही. ओठ आवळले नाहीत. एरंडेल घेताना मोठी माणसं करतात तसं तोंडसुद्धा झालं नाही. ओठाच्या कोपऱ्यावर राहिलेला थेंब त्याने जिभेने टिपला.

“तिथले बटाटे चांगले असतात?” तिने विचारलं.

तो चमचा धोतराला पुसू लागला.

“मी काय विचारते?”

“वादळ झालं गं. बोटच येईना. त्या बेटावर अडकलो. बटाटे संपले त्यांचे.”

“आणि?”

“आणि काय? जगून आलो की.” मग खालच्या आवाजात, “अण्णांना सांगू नको.”

प्रेमला भिंतीला टेकली. तो परदेशी असताना तिने किती उपवास धरले होते, किती वेळा बस्तीत त्याच्या नावाने तांदूळ वाहिले होते. या तोंडातून येणारा शब्द ऐकायला ती आसुसली होती. आता त्या तोंडाकडे बघवेना. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो खोटं बोलला याची तिला तितकीशी चीड येत नव्हती. चीड येत होती ती त्याला ते आवडल्याची.

“दे तिला थोडं,” तो म्हणाला. “माझ्यासमोर दे.”

“दिवस बुडालाय. आता तिच्या तोंडात काही घालायचं नाही.”

“औषधाला कसला नियम?”

“या घरात आहे. सकाळी बघू.”

त्याने बाटली कोनाड्यात ठेवली. चंदना अंथरुणावर बसल्या बसल्या सरकत आली आणि बापाच्या गुडघ्याला धरून वर चढू लागली. पायात जोर येईना तशी खाली बसली. पुन्हा धडपडली, पुन्हा बसली. धरणेंद्रने तिला उचलून मांडीवर घेतलं. त्याने तोंड तिच्या केसांत लपवलं तसं प्रेमलाला वाटलं, तो वास आता पोरीच्या केसांत राहणार.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं.

“ती म्हातारी. नातवाचे पाय उघडे का ठेवायची?”

“उन्हासाठी.”

“एवढ्या थंडीत?”

“पायांना ऊन लागावं लागतंय. तिथं ते मिळत न्हाय म्हणून पोरं वाकडी होतात. म्हणून तर हे तेल. ऊन न्हाय तर तेल.”

“म्हणजे तेल उन्हाऐवजी?”

“व्हय. डॉक्टर लोक बी तिथं तेच सांगतात.” त्याने पोरीच्या पोटरीवरून अंगठा फिरवला. “तेच मला कळत न्हाय गं. तिथं ऊन न्हाय, तिथल्या पोरांना होतं. हितं तर ऊनच ऊन. आपल्या पोरीला कसं झालं, कोण जाणे.”

प्रेमला खिडकीकडे बघत होती. दुहेरी कागद, त्यावर दुहेरी धोतर. कागदाच्या कडा तिने किती नीट, एकही फट न ठेवता चिकटवल्या होत्या. त्यावर खळीच्या हातांचे ठसे होते. तिच्याच.

*

सकाळी धरणेंद्र आंघोळ करून, वाटीत गूळ घेऊन आला तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. धोतर खाली पडलं होतं. खिडकीवरचा कागद वरपासून खालपर्यंत फाटला होता आणि आतमध्ये उन्हाचा पट्टा पडला होता. त्यात खकाणा तरंगत होता.

प्रेमला खळ्यात होती.

घराला गच्ची नव्हती, परस उंच भिंतींनी वेढलेला. ऊन होतं ते फक्त इथे. पसरलेल्या पाल्याच्या कडेला, तंबाखूच्या पोत्यांच्या, बोदांच्या, थप्पीपुढे, तिने एक गोणपाट अंथरलं होतं. चंदनाला त्यावर बसवून परकर मांड्यांपर्यंत वर केला होता. पाय उघडे. इतके पांढरे पाय त्या खळ्याने पाहिले नव्हते.

चाळणी हलवणारी बाळाबाई थांबली. तिने शेजारणीला कोपर मारलं.

“वैनी,” ती म्हणाली, “आज बरणीचं झाकण उघडलं काय?”

बायका हसल्या. प्रेमलाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. वारा तिच्याकडेच होता. डोळे चुरचुरले, घशात तिखट उतरलं, चंदना शिंकली, पुन्हा शिंकली. प्रेमलाचा हात पदराकडे गेला आणि मांडीवर येऊन पडला. पोरीचं तोंड झाकलं असतं तर मग मान, हात, पाय, सगळंच झाकावंसं वाटलं असतं.

“उघडलं,” ती म्हणाली.

बाळाबाईला पुढची थट्टा सुचली नसावी. तिने चंदनाच्या पायांकडे पाहिलं आणि हसू गिळलं. मग चाळणी उचलून ती खळ्याच्या पलीकडच्या टोकाला, धुरळा पोरीकडे उडणार नाही अशा अंगाला जाऊन बसली. बाकीच्याही सरकल्या.

“अगं ए प्रेमला!” दारातून पद्माक्का ओरडल्या. “खळ्यात? मजुरांच्यात? लोकं काय म्हणतील? पोरगी करपंल की!”

“करपू दे, आत्याबाई.”

“काय बोलतीस ही!”

पद्माक्का तरातरा आल्या. बोटाला आजही मिश्री होती. जवळ येऊन त्यांनी पोरीच्या पायांकडे बघितलं. उजेडात ते अंधारातल्यापेक्षा जास्तच वाकडे दिसत होते. पद्माक्कांचं तोंड उघडं राहिलं. मग त्यांनी कमरेला खोचलेलं फडकं काढलं.

“डोक्याला तरी बांध तिच्या,” त्या म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.

धरणेंद्र आला. धोतराच्या सोग्याखाली बाटली लपवलेली. प्रेमलाला ती न बघताच कळली, खकाण्यातूनही.

“हे काय मांडलंयस? मग तेल द्यायचं न्हाय?”

“आत ठेवा.”

“फेकून दिऊ?”

“फेकू नका.” ती फडक्याची गाठ मारत होती. “पावसाळ्यात ऊन नसतं.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर घराकडे, फाटक्या कागदाच्या खिडकीकडे गेली आणि तिथेच थांबली. तो काही विचारेल म्हणून प्रेमला वाट बघत होती. त्याने विचारलं नाही. वाटीतला गूळ चंदनाच्या हातावर ठेवून तो सावकाश परत गेला. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बाळाबाईची यशोदा पाल्यातून दुडदुडत आली. चंदनाच्याच वयाची, एकाच महिन्यातली. अंगावर काही नाही, नाकातून ओघळ, पोटावर तंबाखूची पूड, आणि पाय खुंटीसारखे सरळ. प्रेमला त्या पायांकडे रोज दारातून बघत आली होती आणि दर वेळी त्यांच्यावरची घाणच बघत आली होती. यशोदाने चंदनाच्या हातातल्या गुळाकडे बोट दाखवलं. चंदनाने हात पुढे केला. यशोदाने गूळ चाटला, चंदनाने तोच पुन्हा तोंडात घातला.

प्रेमलाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती उठली नाही.

चंदनाचं लक्ष आता गुळाकडे नव्हतं. गोणपाटापलीकडे, उन्हात तापलेल्या मातीवर, तिच्या पायांपासून निघालेलं काहीतरी काळं पडलं होतं. तिने पाय हलवला. तेही हललं. ती घाबरून मागे सरकली, ते तिच्याबरोबर सरकलं. खोलीत दिव्यामुळे भिंतीवर मोठं, फिकट काहीतरी डुलायचं, ते तिच्या ओळखीचं होतं. हे जमिनीवरचं, गडद, पायाला चिकटलेलं, तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचा ओठ थरथरायला लागला आणि तिने आईकडे बघितलं.

यशोदाला गंमत वाटली. तिने उडी मारून त्या काळ्यावर पाय दिला आणि खिदळली.

“घाबरू नको,” प्रेमला म्हणाली. तिचा आवाज खकाण्याने बसला होता. “सावली आहे ती, बाळ. तुझी आहे.”

चंदनाने वाकून हात पुढे केला. मग एकेक बोट टेकवत, ती मातीवरचे आपले वाकडे पाय चाचपू लागली.